आमच्या निसर्ग केंद्राचा सत्कार जरा जपून करा

माननीय गौरव समितीच्या सर्व सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

मागच्या शनिवारी सकाळी सव्वासातला मी निसर्ग केंद्राच्या फाटकाशी उभी होते. बरोबर सहावीतली बावीस मुलं. फाटकावर तुमचा फ्लेक्स लागला होता: केंद्राचा गौरव सोहळा, आणि त्यानिमित्त केंद्राचा 'संपूर्ण कायापालट'. फ्लेक्सखाली भिंतीला टेकून काळ्या पिशव्या ओळीनं मांडल्या होत्या, तोंडं करकचून बांधलेल्या. मुलांना उभं राहायला सांगितलं की ती काही ना काही मोजतात. त्यांनी पिशव्या मोजल्या. सदतीस. एका मुलीनं एकीची गाठ सोडली. आत नुसता पाचोळा होता, आणि वर एक सापसुरळी, अर्धमेली.

फुलीच्या जागी सही करून बाजूला व्हावं अशा वयाला मी आले आहे, पण त्या पिशव्या बघून गप्प बसवलं नाही. तुमच्यापैकी दोघं माझ्या वर्गात बसून गेलेले आहेत, त्यामुळे 'आपण' लिहायला घेतलं तरी पेन 'तुम्ही'वरच येतंय. राग मानू नये. पत्र उघडं लिहिते आहे, कारण बंद पाकिटातून दोनदा लिहून झालं आणि उत्तर म्हणून सोहळ्याची निमंत्रणपत्रिका आली.

आधी माझं काय अडलंय ते सांगते. जन्म रामबागेतला, सासर लोकमान्य नगरचं. म्हणजे एवढ्या आयुष्यात इंदूर सोडून मी फारशी कुठे गेलेच नाही. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यातली बरीचशी फळ्यावर. बेडकाची आकृती मी इतकी सुबक काढायची की शाळेच्या तपासणीला आलेले साहेब खूश होऊन जायचे. मग एका पावसाळ्यात वर्ग घेऊन या केंद्रात आले आणि लक्षात आलं की खऱ्या बेडकाला हात लावलेलं एकही मूल माझ्या वर्गात नाही. खरं सांगायचं तर मीही लावला नव्हता. त्या दिवसापासून शनिवारची सकाळ केंद्राची. निवृत्तीनंतरही ती सुटली नाही.

ज्यांनी केंद्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण फ्लेक्सवरच्या चित्रात ते ओळखू येत नाही. पिंजरे नाहीत, घसरगुंडी नाही, खाण्याच्या गाड्या नाहीत. एक कौलारू खोली, चार टेबलं, बारा भिंगं आणि त्यातली तीन फुटकी. काचेच्या बरण्यांत सापाची कात, कोळ्याची पिशवी, उंबराची कापलेली फळं. छताला टांगलेली सुगरणीची घरटी. मागे झाडी: मोह, पळस, बहावा, कुडा, एक म्हातारा वड. उताराला पावसाळ्यापुरतं भरणारं डबकं आणि कुंपणाशी खताचे दोन खड्डे. शहराच्या मध्यात इतकंच. येणाऱ्या मुलाला इथे कोणी 'निसर्ग वाचवा' असं सांगत नाही. त्याच्या हातात भिंग देतात आणि सांगतात, बस इथे, दहा मिनिटं बोलू नकोस.

या जागेचा गौरव करावा असं कोणाला वाटलं, याचा मला मनापासून आनंद आहे. तो कधीच व्हायला हवा होता. माझी तक्रार त्याच्या तऱ्हेबद्दल आहे, आणि ती मी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार पाचोळ्याची, आणि तिला मी जास्त जागा घेणार आहे.

आपलं शहर स्वच्छतेत 2017 ते 2023 सलग सात वर्षं देशात पहिलं आलं. मला त्याचा अभिमान आहे. बाहेरगावचे पाहुणे आले की मी त्यांना सराफ्यातल्या खाऊगल्लीच्या आधी सकाळचा झाडलेला रस्ता दाखवते. ओला आणि सुका कचरा वेगळा करायला मी सुनेकडून शिकले. देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा रोज 550 टनांचा कारखाना 2022 साली सुरू झाला, तोही जाऊन पाहून आले. पण झाडून काढायची सवय अंगात इतकी मुरली आहे की जमिनीवर पडलेली प्रत्येक गोष्ट आपल्याला कचरा दिसू लागली आहे. रस्त्यावरचं पान उचलावंच, ते गटारात जाऊन पाणी तुंबवतं. झाडाखालचं पान झाडाचं असतं.

केंद्रात आम्ही एक साधा खेळ खेळतो. सुतळीचा हात-दीड हाताचा चौकोन पाचोळ्यावर टाकायचा आणि त्यात कोण कोण आहे ते हळूहळू पानं उचलून पाहायचं. वरची पानं कोरडी, खालची ओलसर, त्याखालची जाळीदार, आणि सगळ्यात खाली पान कुठे संपतं आणि माती कुठे सुरू होते ते कळतच नाही. गोगलगाय, गोम, अंगाची गुंडाळी करणारा पैसा किडा, उड्या मारणारे कोळी, वाळवी, पतंगाचे कोष. मागच्या वर्षी एका मुलाचा चौकोन भरला तेव्हा तो वहीतून मान वर काढून म्हणाला, "बाई, इतके जण राहतात इथे, आणि आपण याला कचरा म्हणतो?" पर्यावरण शिक्षण या विषयावर मी बरीच भाषणं ऐकली. या वाक्याच्या पुढे एकही गेलं नाही.

याच पाचोळ्यावर जूनमध्ये नवरंग येतो. हिवाळा दक्षिणेत आणि श्रीलंकेत काढून पावसाच्या तोंडावर वर येणारा हा पक्षी. हिरवी पाठ, बदामी छाती, शेपटीखाली लालभडक. तो फांदीवर कमी आणि जमिनीवर जास्त असतो, चोचीनं पानं उलटी करून किडे टिपत असतो. सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी शीळ घालतो, म्हणून तमिळमध्ये त्याला सहा वाजताचा पक्षी म्हणतात. झाडून-पुसून लख्ख केलेल्या जमिनीवर तो उतरेल कशासाठी? त्याच्यासाठी ते ताट घासून पालथं घातल्यासारखं आहे.

आता जरा लाज वाटावी अशी गोष्ट. पाचोळ्याचं काय करायचं हे साऱ्या जगाला ज्या शहरानं शिकवलं, ते आपलंच. 1924 साली अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ इंदूरला आले, आणि आजचं कृषी महाविद्यालय जिथे आहे तिथे त्यांनी पीकसंशोधनाची संस्था उभी केली. 1931 पर्यंत ते इथे होते. मालव्यातला शेतकरी, त्याचे बैल, शेणगोठा, काडीकचरा, पालापाचोळा हे सगळं बघून त्यांनी खत करण्याची एक रीत बसवली. झाडपाल्याचा थर, त्यावर शेणाचा थर, थोडी राख आणि माती, ठरावीक दिवसांनी उलटापालट, की तीन महिन्यांत काळंभोर खत तयार. या कामात त्यांच्या जोडीला यशवंत वाड होते, आणि 1931 साली त्यावरचं पुस्तक निघालं ते दोघांच्या नावानं. केनियातल्या कॉफीच्या मळ्यांपासून चहाच्या बागांपर्यंत ही रीत गेली, ती 'इंदूर पद्धत' या नावानं. सेंद्रिय शेतीवर जगात कुठेही लिहिणारा माणूस आपल्या गावाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जात नाही. आणि इथे आपण मोहाची पानं प्लास्टिकमध्ये कोंबून फाटकाशी ठेवली. केंद्राचे ते दोन खड्डे इंदूर पद्धतीचेच आहेत. मुलं स्वतः थर घालतात, नाकाला रुमाल लावून सुरुवात करतात आणि तीन महिन्यांनी त्याच खताचा हात भरून वास घेतात. तुमच्या आराखड्यात त्या जागी 'सेल्फी पॉइंट' आहे. मी दोनदा चष्मा पुसून वाचलं.

दुसरी तक्रार डबक्याची. आराखड्यात त्याला 'कमळ-कारंजे' म्हटलंय. कडेनं फरशी, तळाला सिमेंट, रंगीत मासे. डबकं दिसायला ओंगळ आहे हे मी कबूल करते. मे महिन्यात तर ती नुसती भेगाळलेली काळी माती असते. पण त्याचं आटणं हाच त्याचा गुण आहे. जे पाणी आटतं त्यात मासे टिकत नाहीत, आणि मासे नसतात म्हणून बेडकांची आणि चतुरांची पिल्लं तिथे जगतात. पहिल्या दमदार पावसाच्या रात्री मोठे बेडूक नर सोनपिवळे होऊन जे ओरडतात, त्यासाठी मी एकदा रात्री अकराला छत्री घेऊन तिथे उभी राहिले आहे. घरी बोलणी खाल्ली ती वेगळी.

चतुरांबद्दल थोडं सांगायलाच हवं. पावसाळा सरताना मैदानांवर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालतात ते तुम्ही पाहिले असतील; लहानपणी शेपटीला दोरा बांधायचा अघोरी खेळही खेळला असाल. ते पावसाच्या तात्पुरत्या पाण्यात अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं काही आठवड्यांतच मोठी होऊन उडतात. मालदीवमध्ये राहून त्यांचा माग काढणारे चार्ल्स अँडरसन यांनी 2009 साली असं मांडलं की हे चतुर भारतातून निघून समुद्रावरून पूर्व आफ्रिकेकडे जातात, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या पावसाबरोबर परततात. बोटभर लांबीचा किडा, आणि वाटेत हिंदी महासागर! आमच्या डबक्यातला एखादा जात असेल का, असं मुलं विचारतात. मी म्हणते, कोण जाणे, पण निघायला त्याला डबकं तर हवं.

शिवाय हे डबकं उताराचं पाणी धरतं. "मालव माटी गहन गंभीर, पग-पग रोटी, डग-डग नीर" ही म्हण आपण समारंभात म्हणतो आणि पाणी नर्मदेवरून सत्तरेक किलोमीटर दूरनं, घाट चढवून आणतो. जमिनीत पाणी मुरतं कसं हे मुलांना दाखवायची शहरात जागा किती उरली? पेव्हर ब्लॉकवर तर ते दाखवता येत नाही. तुमच्या आराखड्यात झाडीतली पायवाट पूर्ण पेव्हरची आहे, वडाच्या पारंब्यांपर्यंत. वडाला पार बांधतात हे मला ठाऊक आहे, पण पारंबीला टेकायला माती लागते.

दिव्यांबद्दल थोडक्यात. झाडांच्या बुंध्यांना हिरवे-जांभळे झोत आणि फांद्यांना माळा लावायचं ठरलंय असं कळलं. वडात पिंगळ्याची जोडी आहे. मोहाची फुलं आणि उंबरं खायला रात्री वटवाघळं येतात, त्यांच्या विष्ठेतून बिया पसरतात. पावसाच्या आधी पंधरा दिवस कुंपणाशी काजवे असतात, मोजके, पण असतात. काजव्याचा दिवा हा त्याचा निरोप असतो, मादीपर्यंत पोचायचा. जांभळ्या झोतात तो कोणाला दिसणार? शहरात झगमगाट करायला राजवाड्यापासून पलासियापर्यंत सगळं मोकळं आहे. काळोख असलेली एखादी जागा राहू दे ना.

तिसरी गोष्ट पाट्यांची. हिच्यावर हसावं की रडावं कळत नाही. आमच्या झाडांना पत्र्याच्या हातानं रंगवलेल्या पाट्या आहेत. त्यांवर मराठी, हिंदी आणि जमेल तिथे मालवी नाव: मोह आणि महुआ, बहावा आणि अमलतास, टेंभुर्णी आणि तेंदू, पळस आणि खांखरा. एका मुलीनं घरी जाऊन आजीला विचारून आणलेलं नावही आम्ही त्यात घातलं आहे. नव्या आराखड्यात त्या काढून चकचकीत पाट्या येणार, फक्त इंग्रजीत, आणि नमुन्यादाखल लावलेली पहिलीच पाटी बहाव्याची, पण लावली कुड्याला. चूक कोणाचीही होते. मुद्दा असा आहे की चूक सांगणारं माणूस तिथे होतं आणि त्याला कोणी विचारलं नाही.

ते माणूस म्हणजे आमचे माळीकाका. ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे, आणि ती मी मुद्दाम मागे ठेवली, कारण आधी लिहिली असती तर बाकीचं पत्र नीट लिहिता आलं नसतं.

केंद्रात मुलांशी बोलणारी एक शिक्षिका होती, आमची ताई. तिचं मानधन दोन वर्षांपूर्वी थांबलं. त्यानंतर शनिवारचं काम आम्ही चार-पाच निवृत्त माणसं आणि माळीकाका मिळून रेटतो आहोत. काका सातवीपर्यंत शिकलेले. पण कोणतं अंडं कुठे आहे, नाग कोणत्या बिळात आहे आणि मुलांना त्या बाजूला कधी न्यायचं नाही, हे त्यांना ठाऊक. मी पुस्तकातून शिकवलेलं त्यांनी कितीदा तरी हळूच दुरुस्त केलं आहे, मुलांदेखत नाही, नंतर चहाच्या वेळी. आता देखभाल ठेकेदाराकडे जाणार आणि काकांना 'तात्पुरतं' दुसरीकडे पाठवणार असं ऐकते. निमंत्रणपत्रिकेवर व्यासपीठावरच्यांची अकरा नावं आहेत. मी तीनदा वाचली. त्यात केंद्रात काम करणारं एकही नाव नाही.

सत्कार कोणाचा आणि कसा करावा, याचाही एक धडा आपल्याच शहरात होऊन गेला आहे. पॅट्रिक गेडिस हे नगररचनाकार म्हणून जगाला माहीत, पण मुळात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. होळकर दरबारानं त्यांना इंदूरच्या नगररचनेचं काम दिलं आणि 1918 साली त्यांचा अहवाल निघाला. शहर तेव्हा प्लेगनं गांजलेलं होतं. लोक घर साफ करेनात, उंदीर मारू देईनात. गेडिसनी दिवाळीची एक मिरवणूक काढायचं ठरवलं आणि जाहीर केलं की मिरवणूक नेहमीच्या रस्त्यानं जाणार नाही. जो रस्ता सगळ्यात स्वच्छ असेल त्या रस्त्यानं जाईल. गल्ल्यागल्ल्यांत चुरस लागली. मिरवणुकीत प्लेगचा भलामोठा उंदीर होता, तो शेवटी जाळला. पण मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हे की सफाई कामगार पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, नव्या झाडूंसह, गळ्यात हार घालून मिरवणुकीत मानानं चालले. आणि लोकांच्या हातात तुळशीची रोपं दिली गेली. शंभर वर्षांपूर्वी, याच गावात! पुढे 1919 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या आपल्या कॉलेजचा निरोप घेताना याच माणसानं विद्यार्थ्यांना सांगितलं की आपण सगळे पानांच्या जिवावर जगतो. इंदूर त्याचं गाव नव्हतं, तरी त्यानं इथल्या झाडूवाल्याला हार घातला, आणि आपण आपल्या माळ्याचं नाव पत्रिकेत घालायला विसरलो.

आणखी दोन गोष्टी पटकन सांगून मागण्यांकडे येते. कायापालट पूर्ण होईपर्यंत शाळांच्या भेटी बंद, आणि नंतर माणशी तिकीट, असं सूचना फलकावर आहे. पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा असावा असं सर्वोच्च न्यायालयानं 1991 साली सांगितलं. पुस्तकात धडे आले, परीक्षेत प्रश्न आले, मुलं उत्तरं पाठ करून गुण घेतात. ज्या थोड्या जागांत तो विषय हाताला लागतो त्यांच्या दारात तिकीटखिडकी आली, तर सरकारी शाळेतली माझी बावीस मुलं शनिवारी कुठे जातील? त्यांच्या आया घरोघरी कामाला जातात. तिकिटाचे पैसे कितीही कमी ठेवा, ते त्यांच्याकडून मागायला माझी जीभ रेटणार नाही.

आणि तुम्ही म्हणाल की शहरानं निसर्गासाठी काय कमी केलंय? खरंय, पुष्कळ केलंय. सिरपूर आणि यशवंत सागर हे आपले तलाव 2022 मध्ये रामसरच्या, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेले. 2024 च्या जुलैत रेवती रेंजवर एका दिवसात बारा लाखांहून जास्त रोपं लावून विक्रम झाला. 2025 च्या जानेवारीत आर्द्रभूमी जपणारं शहर म्हणून इंदूरला जगाची मान्यता मिळाली, भारतात उदयपूरसोबत पहिल्यांदाच. पण सिरपूर वाचलं ते कसं? तिथे वर्षानुवर्षं पहाटे दुर्बिणी घेऊन बसणाऱ्या माणसांनी पाठ सोडली नाही म्हणून. अशी माणसं कोणत्या तरी शनिवारी, कोणत्या तरी भिंगाखाली तयार होतात. मुंबईत माहीमजवळ शहराचं उकिरड्याचं मैदान होतं. तिथे झाडं लावून 37 एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान झालं, 1994 मध्ये मुलांसाठी खुलंही झालं. त्यांनी कचऱ्याच्या जागी जंगल केलं. आपण आपल्या जंगलाच्या तुकड्यातून पानं उपसतो आहोत.

माझ्या मागण्या साध्या आहेत आणि बहुतेकींना पैसा लागत नाही.

झाडीतला पाचोळा उचलणं आजपासून थांबवा. ज्या पिशव्या अजून गेल्या नसतील त्या आम्हाला परत द्या; मुलं आणि मी त्या खड्ड्यात रिकाम्या करू, शेण मी आणते. डबकं कच्चंच ठेवा. कारंजं हवंच असेल तर फाटकाबाहेर करा, मी येऊन नारळ फोडेन. पेव्हर खोलीपर्यंतच, चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या मुलांसाठी तो रस्ता खरंच हवा आहे आणि तेवढ्याबद्दल तुमचे आभार. झाडांवर आणि झाडांखाली दिवे नकोत. जुन्या पाट्या राहू द्या, रंग उडालेल्या आम्ही रंगवू. शाळांना तिकीट नको, आणि काम चालू असतानाही शनिवारची सकाळ बंद नको. ताईचं पद पुन्हा भरा, मानधनासह. सोहळ्याच्या मांडवाचा आणि झोतांचा खर्च तिकडे वळवला तर वर्ष-दोन वर्षं सहज निघतील असा माझा अंदाज आहे. हिशेब तुम्ही मांडा, आणि तो फ्लेक्सच्या जागी फाटकावर लावा. माळीकाकांना हलवू नका. आराखड्यावर शेवटची सही होण्याआधी त्यांच्याबरोबर एकदा केंद्रात फिरा, सगळ्यांनी, पायी.

शाल-श्रीफळाचं काय करायचं ते मी सांगायची गरज नाही. फक्त एक सुचवते. काकांना व्यासपीठावर बोलावलंत तर ते येणार नाहीत, लाजतात. हार घेऊन तुम्हालाच खड्ड्यापर्यंत यावं लागेल.

या शनिवारी सात वाजता मी मुलांना घेऊन फाटकाशी असेन. फाटक बंद असेल तर बाहेरच्या कडुलिंबाखाली सुतळीचा चौकोन टाकून बसू, तिथला पाचोळा अजून कोणी झाडलेला नाही. तुमच्यापैकी ज्यांना यायचं असेल त्यांनी जरूर यावं. पायात बूट असावेत. भिंगं नऊच चालू आहेत, तेव्हा आपापलं आणलंत तर बरं.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
लोकमान्य नगर, इंदूर